कॉलेजातलं समुपदेशन केंद्र रिकामं का राहतं?

कट्टा_क्र_४

नमस्कार मंडळी.

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की कॉलेजांमध्ये पोस्टर स्पर्धा, एक व्याख्यान आणि हिरवी रिबीन एवढं ठरलेलं असतं. समुपदेशन केंद्रही असतं, निदान कागदावर. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितलंय की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. तेव्हा खोली मिळेल, माणूसही मिळेल. पण मुलं येतील का?

माझं मत असं की खरी अडचण 'लोक काय म्हणतील' हीच आहे. 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द डोक्यातून गेला की मुलं आपोआप येतील, म्हणून सगळा भर जनजागृतीवर हवा. जाणकारांना हे पटतं का? आणि पोस्टर करायचंच झालं तर त्यावर नेमकं काय लिहावं?

निळी_खिडकी

पोस्टर नंतर. आधी खोलीचं दार कुठे उघडतं ते बघा.

प्राचार्यांच्या केबिनशेजारी किंवा परीक्षा विभागाच्या रांगेसमोर दार असेल, तर आत शिरणाऱ्याला अर्धं कॉलेज बघतं. ग्रंथालयाच्या मजल्यावर, आरोग्य तपासणीच्या खोलीला लागून किंवा करिअर मार्गदर्शनाच्या खोलीला जोडून जागा असेल, तर कोण कशासाठी आत गेलं ते बाहेरच्याला कळत नाही. दाराची काच दुधी हवी. वाट बघायचा बाक आतल्या बाजूला हवा. प्लायवूडच्या पार्टिशनमागे केंद्र थाटलं असेल, तर पलीकडच्या टेबलावरच्या क्लार्कला शब्द न् शब्द ऐकू जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पार्टिशनच्या बाहेरच्या बाजूला पंखा किंवा कूलर चालू ठेवणे. आवाज बऱ्यापैकी दबतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती चिठ्ठी. तास चालू असताना शिपाई वर्गात येतो आणि 'अमुक रोल नंबरला समुपदेशन मॅडमनी बोलावलंय' असं सांगतो. त्या वर्गातून पुढे वर्षभर कुणी केंद्राकडे फिरकत नाही. निरोप द्यायचा तर थेट त्या मुलाच्या फोनवर द्या, आणि तोही त्याने आधी 'चालेल' म्हटलं असेल तरच.

वेळेचं गणितही बघा. समुपदेशक मंगळवारी आणि शुक्रवारी ११ ते २ बसतात, नेमकी तीच प्रॅक्टिकलची वेळ. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाईल या भीतीने मुलगी तास सोडत नाही, आणि आपण म्हणतो मुलांना लाज वाटते. आठवड्यातला एक दिवस ४ ते ७ ठेवून बघा. मात्र शेवटची एसटी साडेपाचला असणाऱ्यांसाठी दुपारचाही एक दिवस राहू द्या.

उंबरठा

धागाकर्त्यांशी निम्मा सहमत.

'कलंक' म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. लोक मला नावं ठेवतील ही एक भीती. मदत मागितली म्हणजे मी कमकुवत, ही दुसरी, आणि ती मुलाच्या आतच असते. अभ्यासकांनी या दोन्ही वेगळ्या मोजल्या आहेत. पोस्टरमुळे पहिली जरा हलते, दुसरी जागची ढळत नाही.

शिवाय अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये २००७पासून चालू असलेल्या 'हेल्दी माइंड्स' पाहणीतून आणि तिच्या आसपासच्या अभ्यासांतून वारंवार दिसतं की ज्यांना त्रास आहे आणि उपचार नाहीत, त्यातले पुष्कळ जण लाजेचं कारण देतच नाहीत. त्यांची उत्तरं अशी असतात: 'कॉलेजात एवढा ताण तर असतोच', 'माझं काही इतकं गंभीर नाही', 'माझं मी बघून घेईन', 'वेळ नाही'. तरुणांच्या अडथळ्यांवरच्या जुन्या अभ्यासांचा २०१०मध्ये एक एकत्रित आढावा निघाला होता. त्यात कलंक आहेच, पण सोबत गुप्ततेची शंका, लक्षणं ओळखता न येणं आणि स्वतःवरच विसंबण्याची सवयही आहे.

यातली 'इतकं गंभीर नाही' ही अडचण आपल्याकडे सर्वांत मोठी आहे असं माझं ठाम मत आहे. दात दुखला तर कधी दाखवायचा हे मुलाला माहीत असतं. मनाच्या बाबतीत 'आता दाखवायला हवं' ही रेघ त्याला कुणी आखून दिलेलीच नाही. ती आखून देणं हे पोस्टरचं खरं काम. झोप, भूक, अभ्यासात लक्ष, माणसांत मिसळणं यांपैकी दोन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेल्या असतील तर येऊन बोला. इतकं साधं लिहावं.

धुकं_आणि_दिवा

उंबरठा, +१. 'तुम्ही एकटे नाही' छापाच्या वाक्यांनी कुणाला काही कळत नाही. 'दोन आठवडे' म्हटलं की मूल बोटावर मोजतं.

केसपेपर

मनोविकार बाह्यरुग्ण विभागाच्या बाजूने लिहितो.

आपल्याकडची मुलं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत येत नाहीत. डोकं जड, छातीत धडधड, पित्त, हातापायाला मुंग्या, 'वाचलेलं लक्षात राहत नाही' अशा तक्रारी घेऊन ती आधी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जातात. ईसीजी, थायरॉइड, बी-१२, सगळं नॉर्मल येतं आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नकोस' म्हणून बोळवण होते. मुलाने यातून अर्थ काढलेला असतो की आपला त्रास खोटा आहे. तेव्हा कॉलेजच्या जवळचे दोन-तीन फॅमिली डॉक्टर आणि मेडिकलवाले यांना केंद्राचा नंबर देऊन ठेवणं हे व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगाचं.

दुसरं, कोण काय करतो हे मुलांना माहीत नसतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, आणि केंद्रात किंवा पुढे भेटणाऱ्या तिघांत फक्त तोच औषध लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. समुपदेशक ऐकतो, मार्ग शोधायला मदत करतो आणि गरज पडल्यास पुढे पाठवतो. 'गेलो की गोळ्या सुरू करतील' या भीतीने अडलेल्या मुलाला एवढी माहितीही पुरते.

गोळ्यांबद्दल: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या औषधांची सवय 'लागते' ही समजूत चुकीची आहे, पण ती एकदम बंद केली की चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायची. गुण यायला २ ते ४ आठवडे, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे फायदा दिसण्याआधी त्रास दिसतो, आणि मुलं नेमकी तिथेच सोडतात. पहिल्याच भेटीत हे सांगितलं तर टिकतात. २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर डॉक्टरांचं लक्ष हवं, म्हणून दुसरी भेट महिन्याने नको, लवकर हवी. सवय लागते ती चिंता लगेच शमवणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. मित्राच्या पाकिटातल्या त्या गोळीला हात लावू नये.

कलमदान

गुप्ततेबद्दल, कारण शेवटी सगळं तिथे येऊन अडतं.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे आरोग्य व्यावसायिकांचं कर्तव्य आहे. अपवाद मोजके: उपचारात सहभागी इतर व्यावसायिक, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेली व्यक्ती), जीवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव, सार्वजनिक सुरक्षा, न्यायालयाचा वा सक्षम प्राधिकरणाचा आदेश. 'प्राचार्यांनी विचारलं' हा अपवाद नाही. 'वडील फी भरतात' हाही नाही.

पण इथे एक फट आहे. कायद्यातल्या 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते असे लोक येतात. एमए मानसशास्त्र झालेला कॉलेजचा समुपदेशक त्यात आपोआप बसत नाही. म्हणून कॉलेजने स्वतःचं गुप्तता धोरण लेखी केलं पाहिजे. एक पान पुरे. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी फक्त समुपदेशकाच्या कुलुपात. विभागप्रमुखांना आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीला फक्त संख्या. ते पान दारावर लावा आणि पहिल्या भेटीत वाचून दाखवा.

'रेकॉर्ड होतं, मग नोकरी मिळत नाही' ही दुसरी भीती. कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या कंपनीला रुग्णालयाचा केसपेपर मागण्याचा हक्क नाही. पासपोर्टच्या अर्जातही हा प्रश्न नसतो. सैन्यदल, वैमानिक अशा सेवांच्या वैद्यकीय तपासणीत मात्र पूर्वेतिहास विचारला जातो आणि तिथे खरं सांगावं लागतं. 'कुठेच काही होत नाही' असं सरसकट सांगू नका. एक गोष्ट खोटी निघाली की मुलं बाकीच्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

फळा_आणि_खडू

कलमदान, अकरावी-बारावीचं काय? कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असतं, मुलं १६-१७ची. त्यांनाही 'घरी कळणार नाही' असं सांगायचं का?

कलमदान

नाही, तसं वचन देऊच नका. १८ वर्षांखाली उपचाराच्या निर्णयात पालक असतात. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. हे मुलाने तोंड उघडण्याआधी सांगायचं, नंतर नाही. वाक्य साधारण असं: 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. तीन वेळा मला दुसऱ्यांना सांगावं लागेल: तुझ्या जीवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जीवाला असेल तर, किंवा तुझ्यावर कुणी लैंगिक अत्याचार केला असेल तर. तेव्हाही आधी तुला सांगेन आणि मग पुढचं पाऊल उचलेन.'

निळी_खिडकी

हे वाक्य छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

त्याला जोडून: मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापकच समुपदेशक म्हणून नेमले जातात. पगार वाचतो, पण इंटर्नलचे २० गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर मूल मन उघडं करत नाही. बाहेरचा माणूस नेमणं शक्यच नसेल तर निदान दोन शेजारच्या कॉलेजांनी अदलाबदल करावी. यांचे प्राध्यापक तिकडे बसतील, तिकडचे इकडे. खर्च फक्त पेट्रोलचा.

ओवी

अवांतर, पण महत्त्वाचं वाटतं.

'समुपदेशन' हा शब्दच मुलांना जड जातो, कारण त्यात 'उपदेश' ऐकू येतो. घरी उपदेश, वर्गात उपदेश, पुन्हा तो मागायला कोण जाईल? काही ठिकाणी 'मनमोकळं', 'संवाद कक्ष' अशी नावं देतात, ती बरी.

आणि प्रश्नावल्यांचं मराठी बघा. नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ बरीच वापरतात. तिचा पहिला प्रश्न कामात रस किंवा आनंद न वाटण्याबद्दलचा आहे. छापील भाषेत विचारलं की मूल 'नाही' म्हणून मोकळं होतं. 'पूर्वी क्रिकेटला धावत जायचास, आता बोलावलं तरी उठावंसं वाटत नाही, असं होतं का?' असं विचारलं की मान हलते. जीव रमत नाही, कसंनुसं होतं, उबग आलाय, जीव घाबरा होतो, मन उडालंय. मराठीत या सगळ्याला शब्द आहेत, फक्त ते फॉर्मवर नाहीत.

केसपेपर

ओवीताई, मुद्दा अगदी खरा. मात्र प्रमाणित प्रश्नावलीचे शब्द बदलले की गुण मोजण्याचा आधार जातो. तेव्हा छापील प्रश्न तसाच वाचायचा आणि मग बोलीत उलगडायचा. २७ पैकी १० किंवा जास्त गुण म्हणजे 'पुढे तपासायला हवं'. ते निदान नव्हे. मोबाईलवर भरून स्वतःच स्वतःला रोगी ठरवू नये.

मांडवीकाठ

गोव्यातून. माणसं कमी आहेत म्हणून हात टेकायची गरज नाही. सौम्य नव्हे तर तीव्र नैराश्यासाठी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, आधी या क्षेत्राचं शिक्षण नसलेल्या पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींचा उपचार दिला, आणि तो परिणामकारक ठरल्याचं 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालं. 'संगथ' संस्थेचं ते काम. त्याचा गाभा अगदी व्यवहारी: दिवसातली एक छोटी, जमण्यासारखी कृती ठरवायची, ती केली की नाही लिहायचं, पुढच्या भेटीत तिथून सुरू करायचं. पण देखरेख नसलेला 'पीअर काउन्सेलर', म्हणजे समुपदेशकाचं काम करणारा विद्यार्थी, बिल्ला लावून सोडू नका. तो स्वतःच दबून जातो. आणि वर पाठवायला बांबोळीची मनोविकार संस्था आहे, हे इथे गावोगाव माहीत आहे. तुमच्याकडे 'वर' म्हणजे कुठे ते आधी ठरवा.

केसपेपर

महाराष्ट्रात 'वर' म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयंही बाह्यरुग्ण बघतात, पण मुलाला एकदम तिथलं नाव सांगितलं की तो घाबरतो, म्हणून आधी जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरचे नाममात्र पैसे पडतात.

पाठवताना नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही, मूल ती खिशात ठेवतं आणि पँट धुवायला जाते. समुपदेशकाने मुलासमोरच विभागात फोन करावा, वार आणि वेळ ठरवावी, सोबत मित्र किंवा समाजकार्यकर्ता द्यावा, दुसऱ्या दिवशी 'काय झालं?' विचारावं. मुलाने कागदावर पाच ओळी लिहून न्याव्या: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, आधीची औषधं, घरात कुणाला असा त्रास. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना फार वेळ देता येत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर 'माझं ऐकूनच घेतलं नाही' म्हणून तो परत जाणार नाही. पहिली भेट वाईट गेली की दुसऱ्या दाराला हात लागायला वर्ष-वर्ष जातं.

समपातळी

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे.

शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून मेसचे पैसे थकलेत, रूममेट आडनावावरून टोमणे मारतात, गाइड सही करत नाही, अशा मुलाला 'ताण कसा हाताळावा' शिकवणं म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय त्याच्याच डोक्यात ढकलणं. मुलं केंद्रात येत नाहीत याचं एक कारण हेही आहे: त्यांना ठाऊक असतं की तक्रार करायला गेलो की 'मानसिक समस्या' असा शिक्का बसेल. यूजीसीच्या २०१२च्या समता विनियमांपासून भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं पद आहे. त्याचं नाव किती वसतिगृहांत लावलेलं असतं?

उंबरठा

समपातळी, पूर्ण सहमत. फक्त दोन्ही एकाच वेळी चालायला हवं. अन्यायाची दाद लागेपर्यंत त्या मुलाला झोप तर यायला हवी. समुपदेशकाच्या टेबलावर तीन पत्ते हवेतच: शिष्यवृत्तीचा क्लार्क, भेदभाव व रॅगिंग तक्रार, मनोविकार विभाग. ज्या केंद्रात मेसचं बिल सुटतं, तिथे मुलं पुढच्या वेळी मनाचं बोलायलाही येतात.

पाटावरची_रांगोळी

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही. गावाकडून आलेल्या मुलीची पहिली भीती लग्नाची नसते, ती नंतरची. पहिली भीती असते 'घरी कळलं तर शिक्षण बंद करून परत नेतील'. रेक्टर मॅडम काळजीपोटी वडिलांना फोन लावतात आणि आठवड्यात मुलीची खोली रिकामी होते. बाकीच्या मुली ते बघतात. म्हणून १८ वर्षांवरील मुलीच्या घरी फोन करण्याआधी तिलाच विचारा: 'घरी कोणाला सांगितलेलं चालेल?' बरेचदा आईऐवजी मावशी किंवा मोठ्या बहिणीचं नाव येतं. तिथून सुरू करा.

आणि घरचे देवऋष्याकडे नेत असतील तर श्रद्धेवर वाद घालू नये. 'देवाचं करा, पण गोळी चुकवू नका' एवढं मान्य करून घ्यावं. मारहाण किंवा उपचार रोखणं असेल तर जादूटोणाविरोधी कायदा आहे.

रात्रपाळी

केंद्र पाचला बंद होतं, त्रास रात्री दोनला होतो. टेलि-मानस १४४१६ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून २४ तास, मोफत, मराठीतही आहे. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. वसतिगृहात बोलायला कोपरा नसतो हे खरं. गच्चीऐवजी वाचनालयाचा व्हरांडा रात्री उघडा ठेवा.

मित्र मरणाबद्दल बोलत असेल तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. धोका आत्ताचा वाटत असेल तर एकटं सोडू नका, ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, आणि १ जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलं नाही. त्रास जितका खोल, तितकी मदत मागायची ताकद कमी होते. म्हणून अशा वेळी त्याने येण्याची वाट बघायची नाही, आपण जायचं.

कट्टा_क्र_४

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं 'जनजागृती की झालं' हे मत मागे घेतो. पोस्टर स्पर्धेऐवजी आता एकच पोस्टर, असं:

'झोप, भूक, अभ्यास, मित्र. यातलं दोन आठवड्यांहून जास्त काही बिघडलंय? येऊन बोला.
संवाद कक्ष, ग्रंथालयाचा पहिला मजला. मंगळवार १२ ते ३, शुक्रवार ४ ते ७.
नाव नोंदवहीत नाही. घरी आणि विभागात कळवत नाही (१८ वर्षांवरील).
रात्री: १४४१६.'

कलमदान

'कळवत नाही' पुढे 'जीवाला धोका नसेल तर' घाला, नाहीतर ते खोटं वचन होईल. आणि '१८ वर्षांवरील' कंसात लपवू नका.

ओवी

'येऊन बोला'च्या जागी 'बोलायला या'. पहिल्यात हुकूम आहे.

धुकं_आणि_दिवा

मोबाईलवरून वेळ घ्यायची सोय असेल तर क्यूआर कोड टाका, पण फॉर्ममध्ये 'समस्या काय?' हा रकाना ठेवू नका. फक्त फोन नंबर आणि सोयीची वेळ. पोस्टर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे फोटो काढायला कुणी बघत नाही.

निळी_खिडकी

दिवाळीच्या सुट्टीत आणि परीक्षेच्या आठवड्यात कक्ष उघडा आहे का, तेही लिहा. परीक्षेआधीचे दहा दिवस मुलं सर्वांत जास्त येतात आणि तेव्हाच कुलूप असतं.

कट्टा_क्र_४

परीक्षेच्या आठवड्याचं वेळापत्रक उद्या प्राचार्यांकडून लेखी घेतो आणि मगच छापायला देतो.